वन्स मोअर म्हणू नये

१

दर रविवारी दुपारी तीन वाजता, भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, हरेश मंडपवाल्याच्या गोदामाच्या माळ्यावर तीन म्हातारे एक कॅसेट ऐकत. तीच एक कॅसेट. अडतीस वर्षं.

खाली रिक्षावाले ‘कल्याण नाका, एक सीट, एक सीट’ करत घसा फोडत असायचे. वर भिंतीला टेकवलेल्या दोनशे घडीच्या लोखंडी खुर्च्या, छताला टांगलेली दोन झुंबरं, गाद्यांची चळत, आणि मधोमध टेबलावर टेपरेकॉर्डर. तिघंही आपापली खुर्ची स्वतः उलगडत. खुर्चीची बिजागरी कुरकुरली, पाय फरशीवर आपटले, की मैफल सुरू झाली असं समजायचं. मग हरेशकाका कॅसेटच्या भोकात बॉलपेन घालून सैल फीत गुंडाळून घेत, कारण मशीनवर रिवाइंड केलं तर फीत झिजते असं त्यांचं ठाम मत होतं.

कॅसेटवर होता १९८७ सालचा एक शुक्रवार. शुक्रवारी लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी. त्या दुपारी अठ्ठेचाळीस लूमच्या एका शेडमध्ये ‘थर्ड शिफ्ट’ नावाच्या रॉक बँडचा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम झाला. लूमला शिफ्ट दोनच, दिवसपाळी आणि रातपाळी. तिसरी कुठली, असं कुणी विचारलं की बँडचा गायक मिथुन म्हणायचा, ती आमची. लोक बंद लूमवर बसले होते, सूत गुंडाळलेल्या बिमांवर बसले होते, एक जण तर म्हणे पंख्याच्या दांडीला धरून उभा होता. तीन आठवड्यांनी मिथुन काविळीनं गेला. वय बावीस. बँड तिथंच संपला.

शेडमध्ये माणसं मावत होती फार तर अडीचशे. पण आज भिवंडीत पंचावन्नच्या वरचा कुणीही पकडा, तो त्या शुक्रवारी तिथं होताच. तिघांपैकी शेअर रिक्षा चालवणाऱ्या मनोजकाकांनी एका वर्षी हौसेनं अशा लोकांची मोजदाद केली. तीन हजारांच्या पुढं गेल्यावर त्यांनी नाद सोडला. नगरसेवक होते, दोन डॉक्टर होते, आणि एक जण तर तेव्हा जन्मलाही नव्हता.

या तिघांत दोन महिन्यांपासून चौथी आली होती ती संघरत्ना. मिथुनची भाची. वय अठ्ठावीस, एडिनबरामध्ये दोन वर्षं जुन्या ध्वनिमुद्रणांचं जतन शिकलेली. तिथं तिनं एक हॉल पाहिला होता, ज्याच्या दारावर कोणत्या साली कोण गाऊन गेलं याची पितळी पाटी होती. तिथं उभं राहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्याकडं अशी पाटी का नाही, हा प्रश्न घेऊन ती विमानात बसली आणि भिवंडीत उतरल्यावर प्रत्येकाला विचारत सुटली. महापालिकेतल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या कार्यक्रमाला परवानगी होती का, असं विचारलं. शेड तर कधीच पडली होती. तिथं आता मिक्सर-ग्राइंडरचं गोदाम होतं.

पण पाटीपेक्षा मोठं काम घरात होतं. तिच्या आईनं, वैशालीनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “वारसा-बिरसा तुझा तू सांभाळ, रत्ना. मला फक्त मिथुनचा आवाज आणून दे. चेहरा भिंतीवर आहे, रोज दिसतो. आवाज मला आता आठवत नाही.”

तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता. आणि ती फीत इतकी झिजली होती, की वरच्या सुरात मिथुनमामा मधेच विरून जायचा आणि तेवढा भाग तिघे म्हातारे आपल्या आवाजात भरून काढायचे. कॅसेट माळ्याबाहेर न्यायची नाही, हा हरेशकाकांचा हट्ट. इथं बसून काय ते उतरवून घे, म्हणाले.

माळ्यावर दोन सूचना होत्या. एक मेन स्विचवर: ‘जाताना पाडणे’. गोदामात कापड होतं, आणि हरेशकाका शॉर्टसर्किटला यमापेक्षा जास्त भीत. दुसरी, ‘शुभविवाह’च्या फलकाच्या पाठीवर लाल रंगात: ‘वन्स मोअर म्हणू नये’.

२

संघरत्नाला पहिल्यांदा खटकला तो खोकला.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. गिटारचा तुकडा संपतो, ड्रम थांबतो, आणि त्या शांततेत मागून कुणीतरी खोकतं. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी हळूच ‘च्यायला’.

ती खळखळून हसली. जिवंत मुद्रणाची सगळी गंमत यातच असते, म्हणाली. मोठमोठे हॉल पाडले जातात, पण असा एक खोकला राहतो. तिनं वहीत वेळ टिपली आणि हा कोण, म्हणून विचारलं.

तिघांपैकी कुणी हसलं नाही. मनोजकाका खिडकीबाहेर आपली रिक्षा नीट लागलीय का ते पाहू लागले. शेवटी तिघांतल्या तिसऱ्या, हिरामणकाकांनी, बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडं हनुवटी वळवली. ती दर रविवारी उलगडली जायची, पण तिच्यावर कुणी बसत नसे. “सोमा,” ते म्हणाले.

सोमा म्हणजे मिथुनचा शेजारी, या रविवारच्या बैठकीचा चौथा. दोन वर्षांपूर्वी वारला. म्हणजे सोमाकाकाही त्या दिवशी होते, असं संघरत्ना वहीत लिहू लागली, तर हरेशकाकांनी तिचा हात धरला.

“न्हाय,” ते म्हणाले. “त्यो न्हवता.”

हे सगळ्या भिवंडीला माहीत होतं. त्या शुक्रवारी सोमा पडघ्याला गेला होता, मुलगी बघायला. मुलगी पसंत पडली, लग्न झालं, चार मुलं झाली, संसार उत्तम झाला. पण कार्यक्रम हुकल्याबद्दल सोमानं बायकोला, ठकुबाईला, छत्तीस वर्षं क्षमा केली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी गाडी थर्ड शिफ्टवर यायची. मीही होतो तिथं, असं तो परक्यांना सांगायचा, आणि माळ्यावर मान खाली घालून बसायचा.

“मग इथं बसून ऐकताना कुणीतरी चुकून लाल बटण दाबलं असेल,” संघरत्ना म्हणाली. “त्यांचा खोकला वर रेकॉर्ड झाला.”

हरेशकाकांनी कॅसेट काढून तिच्या हातात दिली. वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेले होते. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही, हे एडिनबराला जावं न लागता सगळ्यांनाच माहीत असतं. हरेशकाकांनी ते कार्यक्रमाच्या संध्याकाळीच दातानं तोडले होते.

तिनं इअरफोन लावून तो खोकला पुन्हा ऐकला. माळा गाद्यांनी भरलेला. इथं टाळी वाजवली तर जागीच मरते. या खोकल्याला मात्र पत्र्याचा घुमारा होता. लांबलचक शेड, उंच छप्पर, आणि खूप माणसांच्या मागं, भिंतीला टेकून उभा असलेला कुणीतरी.

सगळे खोकले सारखेच असतात, असं तिनं वहीत लिहिलं. मग ‘च्यायला’पाशी तिचं पेन थांबलं.

जाताना जिन्यात मनोजकाका तिच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात तेवढंच बोलले. सोमानं एका रविवारी कॅसेट संपता संपता उठून, हात वर करून, ‘वन्स मोअर’ दिला होता. पार मनापासून. त्याच गुरुवारी तो गेला. शुगर होतीच त्याला, मनोजकाका म्हणाले. साठीही उलटली होती. त्यात काय एवढं. पण फलक तेव्हा लिहिला.

३

पुढच्या रविवारी पहिल्या बाजूची प्रत करायची ठरली. संघरत्नानं टेपरेकॉर्डरला वायर जोडली, ती लॅपटॉपला जोडली, आणि मग तिच्या लक्षात खरा अडथळा आला. हे लोक टाळ्या वाजवत.

प्रत्येक गाणं संपलं की तिघंही कॅसेटमधल्या लोकांबरोबर टाळ्या पिटत. मनोजकाका शिवाय पायही आपटत. टेबल हलायचं, टेपरेकॉर्डर हलायचा, त्यातला आधीच सैल झालेला पट्टा लचकायचा आणि मामाचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा डोलायचा. तिनं हात जोडून विनंती केली. आजचा एक दिवस फक्त. हात मांडीवर, पाय जमिनीवर.

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. बरं न्हाय दिसत, असं हिरामणकाका पुटपुटले. कलाकार गातो नि आपण मख्खासारखं बसायचं? संघरत्नानं त्यांना समजावलं, की कलाकार अडतीस वर्षांपूर्वीच गाऊन मोकळा झालाय, त्याला वाईट वाटणार नाही. हे बोलल्यावर तिला स्वतःलाच ते थोडं तुसडं वाटलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मामाचा आवाज रांगडा, थोडा फाटका, आणि शब्दाच्या शेवटी हसू लपवल्यासारखा. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या लाटा उसळू लागल्या. तिघं म्हातारे वर्गातल्या शिक्षा झालेल्या मुलांसारखे बसले होते. गाणं संपलं.

टाळ्या आल्या नाहीत.

पडद्यावरची लाट आडवी झाली. संघरत्नाला वाटलं वायर निसटली. पण नाही, शेडची घरघर ऐकू येत होती, कुठल्यातरी जुन्या ट्रान्सफॉर्मरची. कुणाचा तरी बूट फरशीवर घासला. कुणीतरी माइकपासून तोंड फिरवून हळूच विचारलं, “काय झालं रे?” दुसऱ्यानं काहीतरी उत्तर दिलं. मग माइकवर बोटानं दोनदा टकटक.

घड्याळात अकरा सेकंद झाले. पंधरा. एकोणीस.

“बस झालं,” हिरामणकाका म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं लूमच्या चाकात गेलेली. त्यामुळं त्यांची टाळी पोकळ, ओल्या कपड्यासारखी वाजायची. ती एक वाजली आणि कॅसेटमधून अख्खी शेड कोसळावी तशा टाळ्या कोसळल्या. शिट्ट्या, आरोळ्या, पत्र्यावर थापा. लगेच मनोजकाकांनी पाय आपटले, हरेशकाका सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या पिटू लागले, आणि मिथुनमामा हसून म्हणाला, “घाबरवलंत ना राव.”

ते वाक्य कॅसेटवर आहे का, असं तिनं विचारलं. आज पहिल्यांदाच ऐकलं, असं मनोजकाका म्हणाले आणि त्यांनी पंख्याचा वेग वाढवला.

प्रत तपासताना तिला एकोणीस सेकंदांची ती सपाट रेघ सापडली. रेघेच्या शेवटी एक एकटी टाळी होती. पोकळ. वायरमधून आलेली. माळ्यावर त्या दुपारी एकही माइक चालू नव्हता.

४

आई आणि ती काल्हेरच्या एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहत. खिडकीतून गोदामांची निळी छपरं आणि ट्रकच्या रांगा दिसत. सोमवारी सकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि संघरत्ना हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसली. आईला द्यायच्या आधी एकदा स्वतः शेवटपर्यंत ऐकायचं, हा तिच्या विद्येतला पहिला नियम होता.

विद्येतला दुसरा नियम असा, की प्रत ही प्रत असते. काल जे उतरलं ते उतरलं. आज ते बदलत नाही.

पहिलं गाणं संपलं. एकोणीस सेकंद गेले. टाळी आली नाही. वीस गेले, तीस गेले, मिनिट गेलं. तिनं पडद्याकडं पाहिलं. तिथं टाळ्यांच्या लाटा काल होत्या तशाच काढलेल्या होत्या, आणि रेघ त्यांच्यावरून मुकाट पुढं सरकत होती. कानात फक्त घरघर. मग पावलं. मग मामाचा आवाज, माइकला अगदी चिकटून, हसू नसलेला:

“हाय का कोणी?”

संघरत्ना शास्त्राच्या बाजूनं उभी राहिली. फाइल खराब झाली असेल. हेडफोन जुने आहेत. झोप कमी झालीय. तिनं अशी पाच कारणं मोजली, सहावं शोधत असतानाच तिचे हात आपोआप वर आले, आणि पदवीधर संघरत्नानं रिकाम्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून हळूच टाळी वाजवली. मग आणखी दोन.

शेड गर्जून उठली.

“सकाळच्या पारी मच्छर कुठून आले गं?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “ते मशीन लाव की.”

तिनं हेडफोन काढले. हात मांडीखाली घेतले. आई पदराला पीठ पुसत बाहेर आली आणि तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

“झालं का? दे ना मग.”

ही फाइल बरोबर नाही, असं संघरत्नानं सांगितलं. आईचा चेहरा असा पडला, की ते बघण्यापेक्षा खोकला परवडला. घरात एकटी असताना आई हे लावेल. गाणं संपेल. आईला टाळी सुचणार नाही, ती रडत बसेल, आणि तिकडं मामा विचारत राहील. किंवा याहून वाईट. आई भर दुपारी, एकटी, आपल्या भावाला म्हणेल, अजून एक गा रे.

“मग मीच येते रविवारी,” आई म्हणाली.

“आई, तिथं हिरामणकाका असतात.”

“असू दे. दारात आडवा पडला तरी येणार.”

५

हिरामणकाकांचं आणि वैशालीचं अडतीस वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याचं कारण तोच शुक्रवार.

सकाळी घरातून निघताना मिथुननं बहिणीला सांगितलं होतं, तू ये, पुढं तुझी जागा ठेवतो. वैशाली चौदा वर्षांची. शाळेचा फ्रॉक इस्त्री करून, भावासाठी डब्यात भात-आमटी घेऊन ती शेडच्या दारात गेली. दारावर होता हिरामण, वय चोवीस, लूम फिटर, त्या दिवसापुरता दरवान. कुणीतरी दिलेल्या अधिकारानं त्याची छाती फुगली होती. आत पोरांचा धुडगूस चाललाय, मुलीच्या जातीचं काम नाही, हे त्याला नीट सांगता येईना. म्हणून त्यानं दोन्ही हात चौकटीला लावून एकच शब्द सांगितला, हाऊसफुल्ल. डबा आत पोचला. ती बाहेर पत्र्याला कान लावून उभी राहिली आणि लोकांच्या आरड्याओरड्यात भावाचं एकही गाणं तिला धड ऐकू आलं नाही.

पुढं तीन आठवड्यांत सगळंच संपलं. मिथुनच्या पुण्यानुमोदनाला हिरामण आला तेव्हा वैशाली उठून आत गेली ती गेलीच.

वैशाली येणार हे कळल्यावर हिरामणकाकांनी त्या आठवड्यात केस काळे केले, मग ते फारच काळे झाले म्हणून धुवायला गेले, आणि रविवारी कानांच्या वर जांभळट दिसत होते. माफी कशी मागायची ते त्यांनी मनोजकाकांना विचारलं. मनोजकाकांचं लग्न दोनदा मोडलेलं असल्यामुळं त्यांचा या विषयात अभ्यास होता. काही बोलूच नको, असा सल्ला त्यांनी दिला. पाण्याचा ग्लास दे आणि बाजूला हो.

संघरत्नाला मात्र हिरामणकाकांनी कोपऱ्यात घेतलं. फलकाबद्दल आईला सांगितलंस का, म्हणून विचारलं. तिनं सांगितलं होतं. फीत नाजूक आहे, ताण येतो, म्हणून तेवढं म्हणायचं नाही. आईनं मान हलवली होती.

“आन तिच्या तोंडून निघालंच तर?” हिरामणकाका म्हणाले.

यावर तिघांनी आधीच बैठक घेतली होती. उपाय हरेशकाकांचा होता आणि तो मंडपवाल्याला शोभेल असाच होता. आवाजावर आवाज.

६

वैशाली आली ती इस्त्रीची साडी नेसून, हातात डबा घेऊन. संघरत्नानं डब्याकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. हरेशकाकांनी दोनशेतल्या त्यातल्या त्यात नव्या खुर्चीवरची धूळ झटकून ती उलगडली, आणि वाकून ‘जय भीम ताई’ म्हणाले. हिरामणकाका ठरल्याप्रमाणे पाण्याचा ग्लास घेऊन पुढं आले, ठरल्याप्रमाणे काही बोलले नाहीत, आणि अर्धं पाणी तिच्या साडीवर सांडलं.

तिनं साडीकडं पाहिलं. मग त्यांच्या कानांवरच्या जांभळ्या केसांकडं. तिचे ओठ हलले, पण ती हसली की काय ते कुणाला कळलं नाही.

कॅसेट लागली.

मामा गाऊ लागला तेव्हा संघरत्ना फितीकडं नाही, आईकडं बघत होती. पहिल्या ओळीला आई दचकली. दुसऱ्या ओळीला तिनं डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला ती हळू आवाजात म्हणाली, “हां. असाच.” जणू हरवलेली किल्ली सापडली. टाळ्यांच्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईनंही. दुसरी बाजू लागली. सोमाचा खोकला आला आणि गेला. हरेशकाकांनी रिकाम्या खुर्चीकडं न बघता मान डोलावली.

शेवटचं गाणं फार वेगवान होतं आणि त्यात मामाचा आवाज सगळ्यात कमी झिजला होता. आई खुर्चीच्या कडेवर आली. तिचा चेहरा चौदा वर्षांचा झाला होता. गाणं टिपेला जाऊन थांबलं, आणि संघरत्नानं पाहिलं, की आईनं श्वास घेतला, हात वर उचलला, तोंड उघडलं.

“वाजवा!” हरेशकाका ओरडले.

तिघं म्हातारे तुटून पडले. हिरामणकाका आठ बोटांनी, मनोजकाका हातांनी आणि पायांनी, हरेशकाका तर मंडपाच्या पातेल्यांची झाकणं एकमेकांवर आपटू लागले. संघरत्नाही पिटत होती. कॅसेटमधल्या टाळ्या ओसरल्या तरी यांच्या ओसरेनात. आईनं एकदा तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, तशी त्यांनी आणखी जोर केला. गादीतला कापूस उडाला. झुंबरांचे काचेचे लोलक किणकिणू लागले. खालून रिक्षावाल्यानं वर मान करून विचारलं, कुणाचं लग्न आहे? मनोजकाकांना धाप लागली, तरी ते थांबेनात. अशी सात मिनिटं गेली, आणि फीत संपून टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर उडालं.

खटाक.

सगळे थांबले. हिरामणकाका तळहात फुंकत खुर्चीत कोसळले. चौघांच्याही हातांची आग होत होती आणि चौघांनाही हसू आवरत नव्हतं.

“एवढा मान त्याला त्या दिवशीही मिळाला नसेल,” आई म्हणाली. तिनं डोळे पुसले. मग ती उठली, हिरामणकाकांपुढं उभी राहिली आणि डबा पुढं केला. “भात-आमटी आहे,” ती म्हणाली. “खाऊन घे, हिरामणदादा.”

अडतीस वर्षांनी. हिरामणकाकांना डबा धरता येईना, म्हणून तो मनोजकाकांनी धरला.

७

पाहुण्याला खालपर्यंत पोचवायचं, ही रीत. हरेशकाकांनी मेन स्विच पाडला. पंखा घरघरत थांबला, टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा विझला. त्यांनी दार ओढून घेतलं आणि कुलपाची किल्ली खिशांत चाचपू लागले. आई दाराबाहेरच्या पायरीवर चपला शोधत होती. तिच्या मागं संघरत्ना, बाजूला डबा छातीशी धरलेले मनोजकाका, आणि हिरामणकाका दाराला टेकून, जग जिंकल्यासारखे. सगळे बाहेर होते. संघरत्नानं ते नंतर कितीदा तरी मोजलं. हरेश, मनोज, हिरामण, आई, मी. पाच.

गल्लीत दुपारचं पिवळं ऊन होतं. खाली कुणीतरी कल्याण नाक्याला एक सीट मागत होतं. फाइलचं काय करायचं, याचा विचार संघरत्ना करू लागली होती. आईला आता तिची गरज नव्हती. पुढच्या रविवारी आई पुन्हा येईल, त्याच्या पुढच्याही येईल. वाईट काही झालं नव्हतं. पाच कारणांना सहावं सापडलं, की सगळं जागेवर येईल.

आईनं एक चप्पल पायात सरकवली, दुसरी सरकवली, आणि स्वतःशीच हसली.

“काय गं?” संघरत्नानं विचारलं.

“काही नाही. तुम्ही एवढा कल्ला केलात, मला म्हणताच आलं नाही. ओठांवर आलं होतं.” तिनं दाराकडं पाहिलं, लाडानं, जसं झोपलेल्या मुलाकडं पाहावं. “वन्स मोअर.”

कुलूप हरेशकाकांच्या हातातून पायरीवर पडलं.

दाराच्या आत बटण दाबल्याचा आवाज झाला.

मग काही नाही. मग ड्रमच्या दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या, एक, दोन, तीन, आणि चौथ्याला थांबल्या. कुणीतरी माइकवर टकटक केलं. आतून आलेल्या घुमाऱ्यात गाद्या नव्हत्या, झुंबरं नव्हती. उंच पत्रा होता, आणि अडीचशे माणसांनी, की तीन हजारांनी, रोखून धरलेला श्वास.

“वैशे,” मिथुनमामा म्हणाला. आवाज जराही झिजलेला नव्हता. “बाहेर काय उभी? जागा ठेवलीय तुझी. ये.”

मेन स्विच पाडलेला आहे, असं संघरत्ना मोठ्यानं म्हणाली. कुणाला सांगत होती, तिलाही कळलं नाही. आईनं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच सगळ्यात भयंकर होतं. तिनं एक चप्पल काढली.

तेव्हा हिरामणकाका हलले. ते दारासमोर आले, पाय फाकवून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले, एका बाजूला पाच बोटं, एका बाजूला तीन. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“न्हाय, वैशाली,” ते म्हणाले. “हाऊसफुल्ल हाय.”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. आतही सगळे थांबले असावेत, कारण ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. संघरत्नानं आईचं मनगट धरलं.

त्या शांततेत, हिरामणकाकांच्या पाठीमागं, अगदी दाराशी, कुणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब. आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्यांमधली एक ओढून कुणीतरी उलगडली. बिजागरी कुरकुरली, चार पाय फरशीवर टेकले.

हिरामणकाकांनी हात आणखी ताणले.

आईनं दुसरी चप्पल काढली.